मीच लिहिलं होतं, ‘वाकू नका’: जुनाट दुखणं आणि आम्हा डॉक्टरांचं शिक्षण

सह्यवाट

नमस्कार मंडळी. मी एमबीबीएस डॉक्टर, सिंहगड रस्त्याला २२ वर्षं दवाखाना चालवतो. इथे आजवर नुसता वाचत आलो. आज लिहितोय, कारण गेल्या वर्षी एका पेशंटने माझ्यापुढे ठेवलेला कागद डोळ्यांसमोरून हलत नाही.

मावशी ५२ वर्षांच्या. पोळी-भाजी केंद्रात सकाळी पोळ्या लाटायला जायच्या, ते काम सुटून तीन वर्षं झालेली. कंबरेला पट्टा, हातात कापडी पिशवी, पिशवीत एमआरआयची फिल्म आणि दोन जाड फायली. बोलता बोलता माझं पेन टेबलावरून खाली पडलं आणि त्या उचलायला गेल्या. वाकल्या नाहीत. डाव्या हाताने टेबलाची कड धरली, श्वास कोंडला, पाठ काठीसारखी ताठ ठेवून गुडघ्यात खाली गेल्या. पेन घेऊन वर येईपर्यंत कपाळावर घाम आला होता.

मी विचारलं, "वाकायचं कधीपासून सोडलंत?"

त्यांनी फायलीतून प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपलेला एक कागद काढला. लेटरहेड माझं. अक्षर माझं. ‘मणक्यांची झीज. वाकणे, वजन उचलणे, खाली बसणे बंद.’ तारीख तीन वर्षांपूर्वीची. किती दिवस बंद, ते मी लिहिलंच नव्हतं.

"तुम्हीच सांगितलं होतंत ना डॉक्टर? मग मी कशी वाकणार?"

त्या बाईने माझा शब्द तीन वर्षं पाळला होता. गौरी बसवल्या नाहीत, नातवाला उचललं नाही, काम सोडलं. मधल्या काळात त्या दुसरीकडेही दाखवून आल्या, पण तो कागद कुणी खोडला नाही.

लिहिताना आपण काही चुकीचं करतोय असं मला वाटलं नव्हतं. शिकलो होतो तेच लिहिलं. दुखतंय म्हणजे आत बिघाड आहे. बिघाड शोधा, दुरुस्त करा, दुखणं थांबेल. अपेंडिक्सला, मोडलेल्या हाडाला, किडलेल्या दाढेला हे बरोबर लागू पडतं. जखम भरली आणि दुखणं मागे राहिलं तर पुढे काय करायचं, हे साडेपाच वर्षांत मला कुणी शिकवलं नाही. तीन महिन्यांहून जास्त टिकणारं किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं म्हणजे जुनाट वेदना, ही व्याख्यासुद्धा मी चाळिशी उलटल्यावर नीट वाचली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची ११वी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. त्यात जुनाट वेदनेला स्वतःचं घर मिळालं, आणि काही प्रकारांत तर वेदना हाच आजार धरला आहे. तोवर आम्ही तिला कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या आजाराची शेपटी समजत होतो.

२००९ साली कॅनडातल्या विद्यापीठांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. वेदना या विषयावर भावी डॉक्टरांना संपूर्ण शिक्षणात सरासरी १६ तास शिकवलं जात होतं आणि जनावरांचे डॉक्टर होणाऱ्यांना ८७ तास. मी हे दोनदा वाचलं. बैलाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या डॉक्टरला निरखायला शिकवावंच लागतं. आमचा पेशंट बोलतो, आणि तरी आम्ही त्याच्या तोंडापेक्षा फिल्मकडे जास्त बघतो.

त्या फिल्मबद्दल. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र करून केलेला एक अभ्यास २०१५ साली आला. मणक्यांमधल्या गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत दिसली, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. गादी फुगलेली, विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. दुखणं शून्य. चाळिशीला डोळ्यांना चष्मा लागतो, तसंच मणक्यालाही वय लागतं. पण ‘तुमचा मणका झिजलाय’ हे वाक्य ऐकलं की माणूस घरी जातो तो काचेचं भांडं होऊनच.

गेल्या वर्षी मी पुनर्वसन वैद्यक शिकवणाऱ्या एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या शनिवारच्या वर्गांना जाऊ लागलो. फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, म्हणजेच पी.एम.आर., ही ती शाखा; आजार किंवा इजेनंतर माणसाची हालचाल आणि रोजचं काम परत आणण्याची. पहिल्याच दिवशी त्यांनी एक पेशंट समोर बसवला आणि आम्हाला इतिहास घ्यायला सांगितला. आम्ही विचारलं, कुठे दुखतं, किती दुखतं, कधीपासून. मग सरांनी एकच प्रश्न विचारला, "या दुखण्यामुळे तुमचं काय काय सुटलं?" तो माणूस दहा मिनिटं बोलत होता. पर्वतीच्या पायऱ्या सुटल्या, मुलीच्या सासरी जाणं सुटलं, जमिनीवर बसून जेवणं सुटलं, झोप सुटली. आमच्या वह्यांत यातलं काहीच नव्हतं.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. आपल्या भाषेत दुखण्याला केवढे शब्द आहेत! ठणका, कळ, सणक, चमक, उसण, रग, ठसठस, आग, मुंग्या, भरून येणं, जखडणं. मावशी म्हणाल्या होत्या, "दिवसभर रग लागते, पण रात्री कधी पायात सणक जाते आणि पाऊल झोपल्यासारखं होतं." आणि मी केसपेपरवर काय लिहिलं होतं? ‘एल.बी.ए.’ म्हणजे ‘लो बॅक एक’, कंबरदुखी. तीन अक्षरं. रग वेगळी, ती बहुधा स्नायूची. सणक, आग, मुंग्या आल्या की शीर दाबलीय का, मज्जातंतूचं काही आहे का, ते बघावं लागतं. औषधाचा मार्गही बदलतो. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल वेदना प्रश्नावली केली, ती दुखण्याचं वर्णन करणारे असेच ७८ शब्द घेऊन, गट पाडून. आपल्याकडे ते शब्द आईच्या तोंडून फुकट मिळालेले, आणि एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात आम्ही ते बाजूला ठेवून देतो.

मावशींना नवा कागद लिहून दिला. ‘वाकायला हरकत नाही. हळूहळू वाढवू.’ खाली तारीख आणि सही. जुन्या कागदावर त्यांच्यासमोरच आडवी रेघ मारली. त्या काही बोलल्या नाहीत, पण कागद मात्र दोन्ही परत मागून घेतले.

इथे डॉक्टर, फिजिओ, पेशंट, पेशंटच्या घरचे, सगळे आहेत. तुमचं काय, ते ऐकायचं आहे.

तेरडा

डॉक्टर, मी फिजिओथेरपिस्ट आहे, १४ वर्षं झाली. वाचून पाणी आलं डोळ्यांत. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच ओळ असते, ‘आय.एफ.टी., एस.डब्ल्यू.डी., १० दिवस’, म्हणजे मशीनने सौम्य विद्युतप्रवाह आणि शेक. पेशंट येतो, पालथा पडतो, मशीन लागतं, शेक मिळतो, बरं वाटतं. दहा दिवस संपले की पुन्हा तेच. काय अवघड जातंय, कुठल्या कामावर परत जायचंय, घर कितव्या मजल्यावर, हे चिठ्ठीत कधी नसतं. मी व्यायामाचं बोलायला लागले की पेशंट म्हणतो, "मोठ्या डॉक्टरांनी तर शेक लिहिलाय." आमचं शिक्षण चार वर्षांचं, वर सहा महिने इंटर्नशिप, पण त्या एका ओळीपुढे ते चालत नाही.

पट्ट्याबद्दलही लिहा ना. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. माहिती देणं, व्यायाम, वागणुकीवर आधारलेले मानसिक उपचार हे करा म्हणतात. पट्टे, ट्रॅक्शन (कंबरेला ताण देणं) आणि अफूवर्गीय गोळ्या नेहमीच्या वापरात नकोत म्हणतात. आमच्या गल्लीत मात्र औषधाच्या दुकानाबाहेर पट्टे टांगलेले असतात.

मावशींचं पुढे काय केलंत ते नीट सांगा. मला पायऱ्या हव्यात.

सह्यवाट

तेरडाताई, पायऱ्या माझ्या नाहीत, तुमच्याच व्यवसायातल्या एका मुलीने आखून दिल्या. मी फक्त हो म्हणायला शिकलो.

आधी भीती कुठे आहे ते शोधलं. टेबलावर तळवे ठेवून पुढे सरकायचं, एवढंच पहिल्या दिवशी. मावशींनी डोळे घट्ट मिटले होते. ‘कट्’ असा आवाज येईल म्हणून वाट बघत होत्या. आवाज आला नाही. मग खुर्चीत बसून चपलेला हात लावणं. मग उभं राहून गुडघ्याला. तिसऱ्या आठवड्यात रिकामी परात ओट्याखालून काढणं. मग परातीत एक किलो पीठ. पट्टा एकदम काढला नाही, आधी घरात काढायचा, मग रिक्षातून जाताना. दुखलं तर थांबायचं नाही आणि रेटायचंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते आधीच्या पातळीवर उतरलं, की चाललंय ते बरोबर.

पाचव्या महिन्यात त्यांनी सलग वीस पोळ्या केल्या. दुखणं गेलं नाही. आधी दहापैकी सात सांगायच्या, आता पाच सांगतात. रात्रीची सणक कमी आहे, झोप लागते. केंद्रावर परत गेल्या, पण निम्म्या वेळेसाठी. मी याला बरं झालं म्हणतो, हे वर्षभरापूर्वी मला पटलं नसतं.

रातराणी

माफ करा, पण मला राग आलाय आणि तो मांडते. मला सहा वर्षं अंगभर दुखतं. मान, खांदे, मांड्या. झोपून उठले तरी थकलेली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. एका डॉक्टरांनी माझ्यासमोर माझ्या नवऱ्याला सांगितलं, "यांना काही झालेलं नाही, मन रमवा." त्या दिवसापासून घरात माझ्या दुखण्याला किंमत राहिली नाही. आता तुम्ही मानसिक उपचार, भीती वगैरे लिहिताय. म्हणजे शेवटी हे मनाचंच, असंच ना?

सह्यवाट

रातराणीताई, नाही. आणि तुमच्याशी जे झालं ते आमच्या शिक्षणातल्या खड्ड्यामुळे झालं, त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं.

पुण्यात १९४४ पासून सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. युद्धात पाय गमावलेल्या माणसाला, नसलेल्या पायाच्या नसलेल्या अंगठ्यात कळा येतात. अंगठा नाही, जखम नाही, एक्स-रेत काही नाही. ती कळ खोटी म्हणण्याची कुणाची हिंमत आहे? वेदना तयार होते ती मज्जासंस्थेत. अंगठ्याने फक्त निरोप धाडलेला असतो. निरोप येणं थांबलं तरी ऐकणारी यंत्रणा जागीच राहू शकते.

घरात एकदा चोरी झाली की राखणीचा कुत्रा पुढे वाळलेल्या पानाच्या आवाजावरही भुंकतो. भुंकणं खरं असतं. बाहेर चोर नसतो. तुमच्या बाबतीत मज्जासंस्था अशी तिखट झालेली असू शकते. तपासून एखाद्या जाणत्या डॉक्टरने ते ठरवावं, मी इथून नाव देणार नाही. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. त्यात वेदना हा शरीराचा आणि भावनेचा असा दोन्हींचा अनुभव म्हटला आहे, आणि सोबतच्या टिपेत स्पष्ट लिहिलंय की एखादी व्यक्ती वेदना होते म्हणाली तर त्याचा मान राखावा. हे एमबीबीएसच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहायला हवं.

आणि मन म्हणाल तर, मूल पडलं की आई गुडघा चोळते, फुंकर घालते, मूल शांत होतं. मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये सांगितलं की पाठीच्या कण्यात जणू एक झडप असते. स्पर्शाचे संदेश आले की वेदनेचे संदेश काही प्रमाणात अडतात, आणि मेंदूकडून येणारे संदेशही ही झडप उघडझाप करतात. त्या सिद्धांतात पुढे बऱ्याच सुधारणा झाल्या, पण गाभा टिकला. झोप, काळजी, घरातली किंमत हे सगळं त्या झडपेवर हात ठेवून असतं. म्हणून मानसिक उपचार. दुखणं खोटं म्हणून नव्हे.

कातळ

मी भूलतज्ज्ञ, वेदना चिकित्सेचं काम करतो. धागा चांगला आहे, पण दोन गोष्टी आत्ताच लिहून ठेवतो, नाहीतर कुणीतरी उद्या सगळ्यालाच ‘वाका, काही होत नाही’ सांगेल.

एक, धोक्याच्या खुणा. लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, हे दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. ताप, वजन उतरणं, रात्री विश्रांतीतही वाढणारं दुखणं, पूर्वी झालेला कर्करोग, किरकोळ पडल्यावर म्हाताऱ्या माणसाचं दुखणं, हे थांबवून तपासायचं. आपल्या देशात मणक्याचा टीबी विसरून चालत नाही. आधी हे नाही ना हे बघा, मग बाकीचं.

दोन, औषधं. अमेरिकेत १९९०च्या दशकात नाडी, ताप, श्वास, रक्तदाब यांच्या जोडीला वेदना ही पाचवी नोंद म्हणून प्रत्येक पेशंटला दहापैकी आकडा विचारायची मोहीम निघाली. हेतू चांगला होता. पण डॉक्टरला आकडा खाली आणायला शिकवलं आणि माणूस चालतो का, झोपतो का, कामावर जातो का हे शिकवलं नाही. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गीय गोळी बाजारात आली, आणि पुढे व्यसनाची साथ पसरली. आपल्याकडे उलट झालं. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या जाचामुळे कर्करोगाने तळमळणाऱ्यालाही मॉर्फिन मिळेना. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक २०१८ मध्ये त्याच कायद्याखाली आलं. कर्करोगाचं दुखणं आणि कंबरेची जुनाट रग यांना एकच गोळी नाही, एवढा फरक तरी प्रत्येक डॉक्टरला शिकवलाच पाहिजे. आणि दुकानातून परस्पर डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेऊन महिनोन्‌महिने खाणाऱ्यांनो, क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्या. मूत्रपिंड दुखून सांगत नाही.

सह्यवाट

कातळ, धोक्याच्या खुणा मूळ लेखातच यायला हव्या होत्या. मावशींच्या पायातल्या सणकेसाठी आधी ताकद, संवेदना, रिफ्लेक्स सगळं तपासलं होतं. ते लिहायचं राहिलं.

पहिलीपाळी

सर, मी इंटर्न आहे, पुण्यातच. ऑर्थोच्या ओपीडीत कंबरदुखीचा पेशंट आला की वरचे डॉक्टर सांगतात तेच लिहितो, कारण मागे ऐंशी जण उभे असतात. आमच्या अभ्यासक्रमात पी.एम.आर. आहे म्हणे, पण मला एकही लेक्चर आठवत नाही. हे शिकायचं कुठे?

सह्यवाट

तुझी अडचण खरी आहे. २०१९ मध्ये कौशल्यांवर आधारित नवा एमबीबीएस अभ्यासक्रम आला, त्यात पी.एम.आर.ची स्वतंत्र कौशल्यं लिहिली होती आणि भूलशास्त्राखाली वेदनेचीही. मग २०२३ च्या किमान निकषांत एमबीबीएसच्या कॉलेजांना हा विभाग सक्तीचा राहिला नाही. पुस्तकात धडा आहे, पण तो शिकवणारं माणूस असेलच याची खात्री नाही. मला यातली सगळ्यात मोठी हानी हीच वाटते. २१ प्रकारच्या अपंगत्वांचा २०१६चा कायदा आपल्या देशात आहे, आणि अपंगत्वाकडे बघायला शिकवणारा विभागच ऐच्छिक.

शाखेतच जायचं असेल तर तीन वर्षांचं एमडी आहे. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासूनची अखिल भारतीय संस्था आहे. जायचं नसलं तरी रजेच्या दिवशी पुनर्वसन विभाग असलेल्या कुठल्याही रुग्णालयात जाऊन नुसता बस. खडकीला १९७४ पासून लुळे पडलेल्या जखमी जवानांचं पॅराप्लेजिक केंद्र आहे, त्याबद्दल वाच. आणि उद्या ओपीडीत ऐंशी जण असले तरी एकाला विचार, "काय सुटलं?" दोन मिनिटं लागतील.

पानशेत६१

मी वैद्यकीय नाही, वय ७१. पुनर्वसन हा शब्द आमच्या घरात वेगळ्या अर्थाने होता. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मी लहान होतो, शनिवार पेठेतली आमची खोली गेली. पुढे पूरग्रस्तांच्या वसाहतीत घर मिळालं, त्याला वडील पुनर्वसन म्हणायचे. पण आई म्हणायची, भिंती मिळाल्या म्हणजे वसणं नव्हे, शेजार जुळायला सात वर्षं लागली.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला पक्षाघात झाला. जीव वाचला, हॉस्पिटलने घरी सोडलं. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या होत्या अकरा. संडासात कसं न्यायचं, डावा खांदा का दुखतो, तिला उठवताना हात ओढायचा नसतो, यातलं एक अक्षर नव्हतं. मी दोन महिने तो हात धरूनच उठवत होतो. खांदा त्यानेच दुखत होता, हे पुढे घरी येणाऱ्या फिजिओच्या मुलीने सांगितलं. डॉक्टरांना राग यावा म्हणून लिहीत नाही. त्यांना कुणी शिकवलं असतं तर त्यांनी मला सांगितलं असतं, एवढंच.

तेरडा

काका, पक्षाघातानंतरचा खांदा आमच्याकडे आठवड्याला दोन-तीन तरी येतात, आणि बहुतेक वेळा असंच झालेलं असतं. काकूंच्या हाताखाली बसताना उशी ठेवता ना? आधार कोपरापासून द्या, लोंबकळू देऊ नका. उठवताना खांद्याच्या पात्यामागे आणि कंबरेला हात.

पानशेत६१

ठेवतो. उशी तिनेच शिवली होती, आजाराच्या आधी.

रातराणी

आठवड्याने लिहितेय. डॉक्टर, तुमचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं. कुत्र्याचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. पुनर्वसनाच्या डॉक्टरांची वेळही घेतली, पुढच्या महिन्यातली मिळाली आहे.

तोवर तेरडाताईंना मी व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं, काय करू. त्यांनी सांगितलं की चांगल्या दिवशी सगळी कामं उरकायची आणि मग तीन दिवस अंथरुणात, हे चक्र आधी तोडा. किती चालल्यावर दुखणं वाढतं ते मोजा, त्याच्या थोडं आत थांबा, आणि रोज तेवढंच चाला. माझं आलं नऊ मिनिटं, म्हणून मी सात ठरवली. सारसबागेत तळ्याकाठची एक फेरी त्यात बसते. आज सहावा दिवस. आज इतकं हलकं वाटलं की दुसरी फेरी मारावीशी वाटत होती. मारू का उद्या?

तेरडा

नाही. उद्यापण एकच. कितीही बरं वाटलं तरी एकच, आणि दुखत असलं तरी एकच. दुसरी पंधरा दिवसांनी बघू.